पहिल्या दिवसाचे दोन उंबरठे: अक्षराचा आणि शाळेचा

दर वर्षी जूनच्या मध्यावर मराठी वर्तमानपत्रांत एक ठरावीक छायाचित्र छापून येते. झेंडूच्या माळांनी सजवलेली बैलगाडी, तिच्यात नवे दप्तर पोटाशी धरून बसलेली पहिलीची मुले, पुढे लेझीम खेळणारी मोठी मुले आणि शाळेच्या दारात औक्षणाचे तबक घेऊन उभ्या असलेल्या बाई. शासकीय भाषेत या कार्यक्रमाला ‘शाळा प्रवेशोत्सव’ म्हणतात. मुलांना फूल मिळते, पाठ्यपुस्तके मिळतात, काही ठिकाणी रंगात बुडवलेल्या पावलांचे ठसे कागदावर घेतले जातात. एकीकडे वर्गखोल्या गळत असताना आणि शिक्षकांच्या जागा रिकाम्या असताना हा थाट कशासाठी, असा प्रश्नही त्याच आठवड्यात विचारला जातो. जर्मन मुलांच्या हातांतले उंच रंगीत शंकू, जपानी मुलांच्या पाठीवरची चौकोनी दप्तरे, रशियातील मुलींच्या केसांतल्या पांढऱ्या फिती यांची छायाचित्रेही अधूनमधून आपल्यापर्यंत पोहोचतात, आणि आपण ती कौतुकाने पाहून पुढे जातो.

थोडे थांबून पाहिले, तर या चालीरीतींना एक व्याकरण आहे असे लक्षात येते. ते समजले, की बैलगाडीचाही अर्थ लागतो आणि तिच्यावरच्या आक्षेपालाही नीट उत्तर देता येते.

माप ओलांडणे आणि शाळेचे दार

नवी नवरी सासरच्या उंबरठ्यावर ठेवलेले तांदळाचे माप उजव्या पायाने लवंडते आणि मग आत येते. माप न लवंडताही तिला आत येता आलेच असते. तरीही ते केले जाते, कारण त्या क्षणापर्यंत ती एका घरची असते आणि त्यानंतर दुसऱ्या घरची होते. हा बदल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो सर्वांसमक्ष करून दाखवावा लागतो. माणूस एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाताना केल्या जाणाऱ्या अशा कृतीला मानववंशशास्त्रात ‘संक्रमणविधी’ म्हणतात. ही कल्पना आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ मध्ये मांडली. अशा विधीला तीन पायऱ्या असतात, असे त्याचे म्हणणे होते. आधीच्या जागेतून बाहेर पडणे ही पहिली, काही काळ मधल्या उंबरठ्यावर राहणे ही दुसरी आणि नव्या जागेत स्वीकारले जाणे ही तिसरी.

शाळेचा पहिला दिवस हा असाच उंबरठा आहे, आणि कदाचित माणसाच्या आयुष्यातला पहिलाच असा उंबरठा, जो त्याला स्वतःच्या पायांनी ओलांडावा लागतो. बारसे किंवा उष्टावण मुलाला आठवत नाही. शाळेचा पहिला दिवस पुष्कळांना आठवतो.

एक फरक मात्र आधीच स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न केल्यामुळे या विषयावरच्या बहुतेक लेखनात गोंधळ होतो. ज्याला आपण सरसकट ‘शाळेच्या पहिल्या दिवसाची परंपरा’ म्हणतो, त्या प्रत्यक्षात दोन निरनिराळ्या परंपरा आहेत. एक अक्षराच्या पहिल्या दिवसाची आणि दुसरी शाळेच्या पहिल्या दिवसाची. पहिली फार जुनी आहे. ती घरात, देवळात, मशिदीत किंवा गुरूच्या मांडीवर घडते आणि एकेका मुलाची असते. दुसरी जेमतेम दोनशे वर्षांची आहे. ती शाळेच्या आवारात घडते आणि एका वयाच्या सगळ्या मुलांची एकत्र असते. आपल्याकडचे दसऱ्याचे पाटीपूजन पहिल्या प्रकारातले, तर जूनमधला प्रवेशोत्सव दुसऱ्या प्रकारातला.

अक्षराचा दिवस: जिभेपासून सुरुवात

केरळमध्ये विजयादशमीला ‘विद्यारंभम्’ होतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाला गुरू किंवा घरातले वडीलधारे मांडीवर घेतात, सोन्याच्या अंगठीने त्याच्या जिभेवर अक्षर लिहितात आणि मग त्याचे बोट धरून ताटात पसरलेल्या तांदळावर ‘हरि श्री गणपतये नमः’ ही अक्षरे गिरवून घेतात. आपण एखाद्या कामाचा ‘श्रीगणेशा’ झाला म्हणतो, तसे मलयाळीत ‘हरिश्री’ झाली म्हणतात. मलयाळम भाषेचा जनक मानल्या गेलेल्या एळुत्तच्छन यांच्या तिरूर येथील स्मारकस्थळी, तुंचन परंब येथे, त्या दिवशी लेखक मंडळी मुलांना अक्षरे गिरवून देतात आणि तिथे निरनिराळ्या धर्मांची कुटुंबे मुलांना घेऊन येतात. केरळमधील अनेक चर्चमध्येही मुलांचा विद्यारंभ होतो. बंगालमध्ये हाच विधी सरस्वतीपूजेच्या दिवशी ‘हाते खोडि’, म्हणजे हाती खडू देणे, या नावाने होतो. गोदावरीकाठच्या बासर येथील सरस्वतीच्या देवळात तेलुगू कुटुंबे ‘अक्षराभ्यासम्’साठी येतात. बासर नांदेड जिल्ह्याला लागूनच असल्यामुळे तिथे मराठवाड्यातील कुटुंबेही मुलांना घेऊन जातात.

अक्षर जिभेवर ठेवण्याची कल्पना फक्त भारतातली नाही. बाराव्या-तेराव्या शतकांत ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातले आणि उत्तर फ्रान्समधले ज्यू आपल्या मुलग्यांना शावुओत या सणाच्या सकाळी शिक्षकाकडे नेत. वाटेत काही अशुभ त्याच्या दृष्टीस पडू नये म्हणून मुलाला प्रार्थनेच्या शालीत गुंडाळून उचलून नेले जाई. शिक्षक त्याला मांडीवर घेई, पाटीवरची हिब्रू अक्षरे वाचून दाखवी, मूल ती त्याच्यामागून म्हणे. मग त्या अक्षरांवर मध ओतला जाई आणि मुलाने तो जिभेने चाटून घ्यायचा असे. पुढे धर्मवचने लिहिलेला केक आणि वचने लिहिलेली उकडलेली अंडी खायला मिळत, आणि शेवटी शिक्षक मुलाला नदीकाठी घेऊन जाई. कझाकस्तानात पहिलीत जाणाऱ्या मुलासाठी घरी जो समारंभ होतो त्याचे नावच ‘तिलाशार’, म्हणजे जीभ उघडणे, असे आहे.

या समाजांनी हात सोडून जिभेचा मार्ग का धरला असेल? माझ्या मते याचे उत्तर मुलाच्या शरीरातच आहे. लहान मूल जगाची ओळख तोंडाने करून घेते. हाती आलेली वस्तू आधी तोंडात जाते. अक्षर ही कडू, परकी आणि कष्टाची वस्तू आहे याची जाणीव मोठ्यांना असते, म्हणून पहिली ओळख गोड व्हावी अशी योजना त्यांनी केली. जुन्या शाळांत छडी हा शिक्षणाचा नेहमीचाच भाग होता हे ध्यानात घेतले, की त्या मधामागची काळजी अधिक जाणवते.

मुस्लिम कुटुंबांमध्ये ‘बिस्मिल्ला’चा विधी आहे. परंपरेने मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की त्याला ‘बिस्मिल्लाह’ म्हणायला शिकवतात आणि बहुधा कुराणातील त्या आयती म्हणवून घेतात ज्यांचा पहिला शब्द ‘इक्रा’, म्हणजे ‘वाच’, असा आहे. महाराष्ट्रातही हा विधी ओळखीचा आहे. उस्मानी तुर्कस्तानात अशा मुलाला नटवून, घोड्यावर बसवून, शाळेतल्या मुलांच्या मिरवणुकीतून नेत. पुढची मुले स्तोत्रे म्हणत आणि मागची मुले मोठ्याने ‘आमीन’ म्हणत, म्हणून त्या मिरवणुकीला ‘आमीनची मिरवणूक’ असेच नाव होते. आपल्या बैलगाडीची आठवण यावी असेच ते दृश्य असणार. अकबराची गोष्ट तर प्रत्येक आईबापाला आपल्या घरची वाटेल. १५४७ मध्ये हुमायूनने ज्योतिषांना विचारून मुलाच्या शिक्षणारंभाचा मुहूर्त काढला, सगळी तयारी झाली, आणि मुहूर्ताची घटका आली तेव्हा बाळराजे खेळायला म्हणून पसार झाले होते. अबुल फझलने ही हकीगत अकबराच्या चरित्रात नोंदवून ठेवली आहे.

‘ओनामा’ या शब्दाच्या पोटात काय आहे

मराठीत आरंभाला ‘ओनामा’ म्हणतात. हा शब्द ‘ॐ नमः सिद्धम्’ या वाक्यावरून आला. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर पहिल्यांदा हेच गिरवी आणि त्याच्या तोंडी ते ‘ओनामासिधं’ होई. ‘सिद्धम्’ या शब्दाने पुढे वर्णमालेचाच बोध होऊ लागला. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग याने लिहून ठेवले आहे, की इथली मुले सहाव्या वर्षी ‘सिद्ध’ या नावाच्या प्राथमिक पाठापासून शिक्षण सुरू करतात आणि तो सहा महिन्यांत संपवतात. बौद्ध भिक्षूंनी हीच अक्षरे चीनमार्गे जपानला नेली, आणि तिथल्या काही बौद्ध मठांत ‘सिद्धम्’ लिपी आजही मंत्र लिहिण्यासाठी वापरली जाते. आपल्या रोजच्या बोलण्यातल्या एका साध्या शब्दात तेराशे वर्षांपूर्वीच्या पहिल्या धड्याचा अवशेष टिकून आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून, तिला झेंडूची फुले आणि आपट्याची पाने वाहणे ही या परंपरेची आपल्याकडची सर्वांत परिचित खूण. मागच्या दोन पिढ्यांत दगडी पाटी गेली, तरी पुष्कळ घरांत आणि शाळांत ती सरस्वती वहीच्या कागदावर उतरते.

तरीही या जुन्या विधींची एक बाजू लपवता कामा नये. ते सर्वांसाठी नव्हते. उपनयन करून गुरूकडे जाण्याचा अधिकार मूठभर जातींतील मुलग्यांना होता. मध चाटवण्याचा मानही मुलग्यांनाच मिळे. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा तिथे येणाऱ्या मुलींच्या वाट्याला तबक किंवा मिरवणूक आली नाही, आणि शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला गेला. ‘शाळेचा पहिला दिवस’ ही प्रत्येक मुलाच्या वाट्याला येणारी गोष्ट व्हायला आधी शिक्षण प्रत्येकाचे व्हावे लागले.

शाळेचा दिवस कधी जन्मला

दुसऱ्या प्रकारच्या परंपरेचे मूळ इथे आहे. जोपर्यंत ज्याला जमेल तो मुलाला जमेल तेव्हा पंतोजींकडे धाडत होता, तोपर्यंत ‘पहिला दिवस’ असा सार्वजनिक दिवस असू शकत नव्हता. सक्तीचे शिक्षण आले, गावातली एका वयाची सगळी मुले एकाच दिवशी एकाच दारातून आत जाऊ लागली, आणि तेव्हा कुठे त्या दाराला तोरण लागले.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते जर्मनीत. प्रशिया या जर्मन राज्याने १७६३ मध्ये गावोगावच्या शाळांसाठी सविस्तर नियम करून मुलांना शाळेत पाठवणे बंधनकारक केले. अंमलबजावणीला पुढची अनेक दशके लागली. त्याच सुमारास बिटापासून साखर काढण्याची विद्या जर्मन प्रदेशांत विकसित झाली आणि एकोणिसाव्या शतकात साखर हळूहळू सामान्यांच्या आवाक्यात आली. शेजारच्या सॅक्सनी आणि थुरिंगिया या भागांत, त्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून, पहिल्या दिवशी मुलाच्या हाती मिठाईचा शंकू देण्याची चाल दिसू लागते. त्याचे नाव ‘त्सुकरट्यूटे’, म्हणजे साखरेचा पुडा. मुलांना सांगितले जाई की शाळेच्या तळघरात एक झाड असते, त्याला हे पुडे लागतात, आणि पुडे पुरेसे मोठे झाले की शाळेत जायची वेळ झाली असे समजायचे. मोठी माणसे तो पुडा आधीच गुपचूप शिक्षकाकडे पोहोचता करत आणि शिक्षक तो मुलाला देई.

या शेवटच्या तपशिलात सगळे मर्म आहे. गोड पदार्थ घरचा, पण देणारा हात शिक्षकाचा. ज्या परक्या माणसाच्या हाती मूल सोपवायचे, त्याच्या हातून मुलाला पहिली गोड वस्तू मिळावी, अशी ती सोय होती. आज आईवडीलच शंकू हाती देतात. त्यात चॉकलेटच्या जोडीला रंगीत पेन्सिली, खोडरबर, एखादे खेळणे असते आणि तो पुष्कळदा मुलाच्या निम्म्या उंचीचा असतो. तुर्कस्तानातून आलेल्या कुटुंबांनीही ही चाल आपलीशी केली. अनेक राज्यांत पहिलीच्या मुलांचा प्रवेशसमारंभ शनिवारी ठेवतात, म्हणजे आजी-आजोबा, काका-मावश्या सर्वांना येता येते.

आपल्याकडे सक्तीच्या शिक्षणाची सुरुवात संस्थानांत झाली. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये ते सगळ्या बडोदा संस्थानात लागू केले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. देशभर सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क मिळायला १ एप्रिल २०१० ही तारीख उजाडावी लागली. प्रवेशोत्सव आपल्याकडे इतका अलीकडचा का, याचे कारण या वर्षांतच आहे.

तारीख कोण ठरवते

शाळा कधी सुरू व्हावी हे मुलांच्या सोयीने ठरत असेल, असा आपला समज असतो. जपानचे उदाहरण वेगळेच सांगते. मेइजी काळाच्या, म्हणजे १८६८ नंतर सुरू झालेल्या आधुनिकीकरणाच्या काळाच्या, आरंभी तिथल्या अनेक शाळा पाश्चात्त्य पद्धतीने सप्टेंबरमध्ये सुरू होत. १८८६ मध्ये सरकारने आर्थिक वर्ष एप्रिलपासून धरायला सुरुवात केली, सैन्यभरतीच्या नोंदणीची मुदतही त्याला जुळवली गेली, आणि मग शाळा हळूहळू एप्रिलवर आल्या. पुढे एप्रिलच्या साकुरा-बहराशी, म्हणजे चेरीच्या फुलांच्या बहराशी, शाळाप्रवेशाचे नाते इतके घट्ट जुळले, की २०२० मध्ये करोनाच्या साथीत शाळा सप्टेंबरमध्ये सुरू करण्याचा विचार झाला आणि सोडून द्यावा लागला. त्यामागे प्रशासकीय अडचणी पुष्कळ होत्या. पण फुलांखाली, शाळेच्या फाटकाशी, आईवडिलांच्या मधे उभे राहून काढलेले छायाचित्र ही गोष्टही लोकांच्या मनातून जाणारी नव्हती.

तिथल्या ‘रांदोसेरु’ या दप्तराचीही अशीच कथा आहे. नाव डच भाषेतल्या, सैनिकाच्या पाठपिशवीच्या शब्दावरून आलेले. १८८५ च्या सुमारास तोक्योतल्या गाकुशूइन या सरदारपुत्रांच्या शाळेने ठरवले, की मुलांनी गाडीतून येऊ नये, नोकराकडून सामान वाहून घेऊ नये, आपले ओझे आपल्या पाठीवर घ्यावे. आज सहा वर्षे टिकेल असे ते कडक दप्तर आजी-आजोबांनी घेऊन द्यायचे, असा अनेक घरांत रिवाज आहे.

रशियात १ सप्टेंबर ही तारीख १९३५ मध्ये साऱ्या सोव्हिएत संघासाठी ठरवली गेली आणि १९८४ पासून तो ‘ज्ञानदिन’ म्हणून साजरा होऊ लागला. मुले शिक्षकांसाठी ग्लॅडिओलस आणि ॲस्टरची फुले आणतात, सगळी शाळा अंगणात रांगांनी उभी राहते, आणि शेवटच्या वर्गातला एक उंच मुलगा पहिलीतल्या एका चिमुकलीला खांद्यावर बसवून सर्वांसमोरून फिरतो. तिच्या हातात घंटा असते आणि ती वाजवते तीच वर्षाची पहिली घंटा. सर्वांत मोठ्याने सर्वांत लहानाला उचलून घ्यायचे, यापेक्षा सुंदर स्वागत मला माहीत नाही. या दिवशी सारे कुटुंबच शाळेत येते, आणि म्हणूनच १ सप्टेंबर २००४ रोजी बेस्लान येथील शाळेवर दहशतवाद्यांनी ताबा मिळवला तेव्हा ओलिसांची संख्या अकराशेवर गेली. तीनशेहून अधिक माणसे मारली गेली आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती.

आपला जून पावसाने ठरवलेला आहे. मे महिन्याच्या उन्हात मुलांना वर्गात बसवता येत नाही आणि मृगाच्या सरींनंतर हवा सोसण्याजोगी होते. विदर्भात त्यामुळेच शाळा आठवडाभर उशिरा उघडतात. गोव्यात २०२५ मध्ये सहावीपासूनचे वर्ग एप्रिलमध्ये सुरू करण्यात आले, तेव्हा पालकांचा मुख्य आक्षेप उन्हाचाच होता. तारीख हलली, की तिच्याभोवतीचे छत्री, रेनकोट आणि कोऱ्या पुस्तकांच्या वासाचे सगळे जगच हलते.

नेदरलँड्समध्ये तर असा दिवसच नाही. तिथली बहुतेक मुले चार वर्षांची झाली की लगेच, वर्षाच्या कोणत्याही महिन्यात, शाळेत जाऊ लागतात. वर्ग आधीच चालू असतो आणि त्यात एक नवे मूल येऊन बसते. साहजिकच तिथे जर्मनीसारखा सामूहिक सोहळा उभा राहिला नाही, आणि त्यामुळे तिथली मुले दुःखी होतात असेही नाही. आधीपासून रुळलेली वीस मुले एका नव्या मुलाला सामावून घेतात, हेही एक प्रकारचे स्वागतच आहे.

हा बाजारच नव्हे का?

काही अंशी आहे. रांदोसेरुची किंमत आज सामान्यतः पन्नास-साठ हजार येनांच्या घरात असते आणि लोक ते वर्षभर आधी निवडून ठेवतात. जर्मन शंकू विसाव्या शतकाच्या आरंभापासून कारखान्यांत तयार होऊ लागले. आपल्याकडेही जूनमध्ये दप्तर, डबा आणि पाण्याची बाटली यांवर होणारा खर्च अनेक घरांना जड जातो.

पण समाज या बाजाराला आपल्या परीने उत्तरही देत असतो. जपानमध्ये २५ डिसेंबर २०१० रोजी माएबाशी शहरातील बालकल्याण कार्यालयाच्या दाराशी दहा नवी रांदोसेरु ठेवलेली आढळली. सोबतच्या चिठ्ठीवर देणाऱ्याने नाव लिहिले होते ते एका जुन्या चित्रकथेतील, अनाथाश्रमात वाढलेल्या कुस्तीगीर नायकाचे. पुढच्या काही आठवड्यांत देशभर, निरनिराळ्या गावांत, अनोळखी माणसांनी त्याच नावाने दप्तरे आणि इतर वस्तू ठेवल्या. पहिल्या दिवशी पाठीवर रांदोसेरु नसणे म्हणजे काय, हे त्या समाजाला नेमके ठाऊक होते. आपल्या प्रवेशोत्सवात पाठ्यपुस्तके पहिल्याच दिवशी हाती देण्याचा आग्रह याच कारणासाठी महत्त्वाचा आहे. फुलापेक्षा पुस्तक वेळेवर मिळणे हे खरे स्वागत आहे, आणि जिथे ते मिळत नाही तिथे टीका करणारे बरोबर आहेत.

अंगणवाडीत जाऊन आलेल्या मुलाला पहिलीचे काय अप्रूप?

जर्मन मूलही तीन वर्षे बालोद्यानात जाऊन आलेले असते, तरी शंकू पहिलीच्याच दिवशी मिळतो. कारण संक्रमण मुलाच्या सवयीत नसते, त्याच्या नात्यात असते. अंगणवाडीत मूल खेळायला, खायला आणि सांभाळायला असते, आणि तिथून त्याला सहज घरी आणता येते. पहिलीपासून त्याचे नाव पटावर येते, हजेरी लागते, शासनाची आणि पालकांची कायदेशीर जबाबदारी सुरू होते.

रडणाऱ्या मुलाला लेझीम ऐकवून काय साधते?

हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. काही मुले बैलगाडीत बसून हसतात आणि काही मुले गर्दीने, ढोलाच्या आवाजाने आणखी बावरतात. पाहुण्यांची भाषणे लांबली आणि मुले उन्हात बसून राहिली, तर विधीचा हेतूच हरवतो. वर उल्लेख केलेल्या परंपरांत जे टिकले ते पाहिले, तर बहुतेक गोष्टी लहान, जवळच्या आणि हाताच्या आहेत. शिक्षकाची मांडी, तांदळात फिरणारे बोट, मोठ्या मुलाचा खांदा, हातात मावेल न मावेल असा शंकू. मूल ज्याला बिलगू शकेल असे काहीतरी प्रत्येकात आहे. जपानी शाळांत सहावीची मुले पहिलीच्या मुलांचा हात धरून त्यांना सभागृहात आणतात. त्याला काही खर्च लागत नाही आणि तो हात पुढचे अनेक दिवस ओळखीचा राहतो.

विधीचा दुसरा लाभार्थी पालक असतो हेही विसरू नये. मुलाला सोडून फाटकाबाहेर थांबणाऱ्या आईला ‘आता जा’ असे नुसते सांगणे कठीण असते. औक्षण झाले, नाव पुकारले गेले, बाईंनी हात धरला, की तिचे पाऊल मागे वळते.

सरकारी शाळेत औक्षण आणि सरस्वती योग्य आहे का?

अक्षराचा विधी घराघरांत आपापल्या श्रद्धेने होतो आणि तो तिथेच शोभतो. शाळेचा विधी सर्वांचा असल्यामुळे तो प्रत्येक मुलाला आपला वाटला पाहिजे. फूल, पावलांचा ठसा, मोठ्या मुलाने धरलेला हात, नावाने मारलेली हाक यांना कोणाचीच आडकाठी नसते. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांतील शिक्षक हे तारतम्य कोणी न सांगताही पाळताना दिसतात. दोन परंपरांमधला फरक लक्षात ठेवला, तर या वादातली बरीचशी कटुता टळेल असे मला वाटते.

ज्यांचा पहिला दिवस नोव्हेंबरमध्ये येतो

जर्मन मुलाच्या हाती साखरेचा पुडा आला तो बिटाच्या साखरेमुळे. आपल्याकडेही साखरेचा आणि शाळेचा संबंध आहे, पण तो उलट दिशेचा आहे. बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड मजूर दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून जोडप्याने मिळून उचल घेतलेली असते, त्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, आणि सांभाळायला घरी कोणी नसेल तर मुलेही त्या कोयत्याबरोबर जातात. जूनमध्ये यांतली पुष्कळ मुले गावातच असतात. त्यांचे औक्षण होते, फूल मिळते, पुस्तके मिळतात, पटावर नाव लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तेच मूल उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहायला जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते, तेव्हा शालेय वर्ष संपत आलेले असते.

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या गेल्या. मुलांनी गावातच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहे आली. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देऊन, तो जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसवून घेण्याची व्यवस्थाही आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्ष सुरू होऊन गेल्यावर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही, म्हणजे कायद्याच्या लेखी शाळेचा पहिला दिवस वर्षातल्या कोणत्याही दिवशी येऊ शकतो.

नोव्हेंबरमधल्या एखाद्या सकाळी टायरगाडीवरून उतरलेले असे मूल अनोळखी शाळेच्या दारात उभे राहते, तेव्हा तिथला वर्ग पाच महिने पुढे गेलेला असतो आणि सगळ्यांच्या जागा ठरलेल्या असतात. जूनमध्ये उरलेले एक पुस्तक कपाटात राखून ठेवणे, फळ्यावर त्या दिवशी त्याचे नाव लिहिणे आणि चौथीतल्या एखाद्या मुलीला त्याचा हात धरून वर्गात आणायला सांगणे, एवढे शिक्षकांना तेव्हाही करता येते.